भुरीचं जेवण: १२ वर्षांची कुत्री, एक फुटकी दाढ आणि रोजच्या ९० कॅलरी

आधी पेशंटची माहिती. नाव भुरी, वय १२ पूर्ण, जात मिश्र, बांधा मध्यम, नसबंदी झालेली. लसीकरणाच्या वेळी काट्यावर २३.४ किलो भरली होती आणि त्यानंतर साधारण पाच महिन्यांनी, म्हणजे ज्या दिवशी मी हे सगळं वहीत लिहायला घेतलं त्या दिवशी, २१.१. जवळपास १० टक्के वजन गेलं आणि घरात तीन मोठी माणसं असून एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण तिचे केस दाट आणि रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. खाणं वर्षानुवर्षं एकच, दिवसाला २४० ग्रॅम ड्राय फूड, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं, आणि अधूनमधून तोंडात काहीतरी. त्या काहीतरीवर नंतर येते, अर्धं प्रकरण तिथेच आहे.

तक्रार काय होती तर "जेवायला कंटाळते". हे आमचंच निदान. १२ वर्षं तेच दाणे खाऊन कोण नाही कंटाळणार, असं दादा म्हणाला आणि मला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मी मेनू ठरवायला बसले. सोमवारी उकडलेलं चिकन, मंगळवारी डब्यातलं वेट फूड, बुधवारी मासा, गुरुवारी दुसऱ्या कंपनीचं वेट फूड आणि वर दही, शुक्रवारी परत चिकन पण या वेळी स्किनसकट कारण फ्रिजमध्ये तेवढंच उरलं होतं. पहिले दोन दिवस भुरीने बाउल चाटून पुसून ठेवला आणि मला वाटलं झालं काम, कंटाळाच होता.

बुधवारी मी माशाच्या पाण्यात सूपची वडी टाकणार होते, वास छान येईल म्हणून. दादाने सहज पाकीट उलटं करून वाचलं तर तिसऱ्याच नंबरला कांद्याची पावडर. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या लाल रक्तपेशी फोडतात, कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर, हे मला माहीत होतं हो, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगर-फ्री गोष्टींतलं झायलिटॉल ही यादीसुद्धा पाठ आहे, पण वडीत कांदा असतो हे डोक्यातच आलं नाही. वडी परत डब्यात गेली.

शुक्रवारी रात्री दोन वाजता लूज मोशन. मग चारला, मग सहाला. शनिवारी सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, नवीन काय खाल्लं, आणि माझ्याकडे उत्तर म्हणून पाच पदार्थ होते. पाचातलं कशाने झालं ते ना मला सांगता येईना ना त्यांना. त्या स्किनवर मात्र ते चिडलेच, कारण वयस्कर कुत्र्याला एकदम चरबी पडली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते प्रकरण लूज मोशनसारखं दोन दिवसांत आवरत नाही, ॲडमिट करायची वेळ येते. आमचं नशीब, आतडीच बिघडली होती. दोन-तीन दिवस साधा भात-चिकन, तोही थोडा थोडा, आणि मग तिचं नेहमीचं ड्राय फूड हळूहळू परत.

आणि नेहमीचं परत आल्यावर ती परत खाईना. आता तर नवीनच, तीन घास घ्यायचे, मान वर करून माझ्याकडे बघायचं, आणि वाट बघायची. कारण आठवडाभर तीन घासांनंतर वरून काहीतरी पडत होतं ना. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली.

हे मी डॉक्टरांना हसत हसत सांगितलं तर ते म्हणाले, तिचा जेवतानाचा व्हिडिओ काढून आणा, मोबाइल जमिनीवर ठेवून, बाउलच्या उंचीवरून. मला वाटलं काय हे, पण काढला. आणि हा व्हिडिओ मी आजही डिलीट केलेला नाही.

व्हिडिओत काय दिसतं सांगते. बाउल ठेवला की भुरी चालत नाही, जवळपास पळत येते, म्हणजे भूक आहे. वास घेते. तोंडात सात-आठ दाणे उचलते, मान उजवीकडे कलती करते, एकदा चावते आणि डाव्या बाजूने तीन दाणे खाली पडतात. ते पडलेले दाणे ती जिभेने परत उचलते, या वेळी चावत नाही, तसेच गिळते. मग थांबते. मग मान वर करून कॅमेऱ्यामागे माझ्याकडे बघते. आम्ही सगळे फक्त हा शेवटचा भाग बघत होतो.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता. कुत्रा जेवत नाही हे एक वाक्य आहे पण त्याच्या आत वेगवेगळ्या गोष्टी असतात. बाउलकडे येतच नाही, किंवा येऊन वास घेतो आणि ओठ चाटत, लाळ गाळत तोंड फिरवतो, तर मळमळ किंवा पोटातलं, किडनीचं काहीतरी बघायचं. उत्साहाने येतो, उचलतो, टाकतो, एका बाजूने चावतो, तर तोंड बघायचं. आणि दाणे सोडून बाकी सगळं तितक्याच जोरात चावून खातो, तर मग लाड. भुरी मऊ ते सगळं खात होती आणि कडक ते टाकत होती, याला आम्ही चोचले म्हणत होतो.

तोंड उघडून बघितलं तर डावीकडे वरच्या जबड्यातली मोठी दाढ, मांस कापायची असते ती, बाहेरच्या बाजूने तासल्यासारखी फुटलेली, एक अख्खा पापुद्रा निघालेला आणि आतला लालसर ठिपका उघडा. हिरडी सुजलेली. वासाबद्दल बोलतच नाही, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या तोंडाला येतोच वास असं आम्ही धरून चाललो होतो, आणि हे धरून चालणं सगळ्यात महाग पडलं. दाढ फुटली कशाने, तर बहुतेक त्या कडक चघळायच्या हाडाने जे आम्हीच आणलं होतं, दात साफ राहतात म्हणून! डॉक्टरांचा नियम सोपा आहे, अंगठ्याचं नख दाबून ज्या वस्तूवर खूण पडत नाही ती कुत्र्याच्या दाताला कडक.

भूल द्यायची म्हणजे आधी रक्त-लघवी तपासणी आली. त्यात किडनीसाठी क्रिएटिनिनसोबत एसडीएमए नावाची टेस्ट पण करून घेतली, कारण क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, एसडीएमएमध्ये त्याच्या आधी कळू शकतं. दोन्ही ठीक आलं. दाढ काढली, तीन मुळांची असते ती, तीन तुकडे करून काढावी लागली. दोन आठवडे मऊ खाणं.

इथे अजून एक चूक केली ती पण लिहून ठेवते. दुखण्याची आणि अँटिबायोटिकची गोळी मी तिच्या मऊ जेवणातच कुस्करून घातली. गोळी कडू. दोन वेळा खाल्लं, तिसऱ्या वेळी बाउलपाशी येऊन वास घेतला आणि निघून गेली, आणि त्यानंतर गोळी नसलेलं तेच वेट फूडसुद्धा तिने आजपर्यंत तोंडात घेतलेलं नाही. कुत्रं एकदा पदार्थाची आणि त्रासाची गाठ मारतं ना, ती सुटायला फार कठीण. औषध द्यायचं तर जेवणाबाहेर, छोट्याशा गोळ्यात लपवून, आणि आधी एक बिनऔषधाचा, मग औषधाचा, मग लगेच परत बिनऔषधाचा. जेवणाचा बाउल औषधापासून लांबच ठेवायचा.

आता मुख्य काम, वजन परत आणणं आणि हो, व्हरायटी पण. कारण दाढ निघाली म्हणून व्हरायटीचा विषय संपला असं नाही, वय वाढलं की कुत्र्याचं नाक मंदावतं, आणि कुत्र्याचं जेवण मुळात नाकावर चालतं, त्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या १७०० च्या आसपास, आपल्या ९००० च्या घरात. तेव्हा वास उठला पाहिजे. पण किती आणि कशाने, हे या वेळी आकडे घेऊन ठरवलं.

डॉक्टरांनी अंगावरची चरबी बघायच्या ९ गुणांच्या तक्त्यावर तिला ४ दिले, जे ऐकायला बरं वाटतं, ४-५ म्हणजे नॉर्मलच. पण स्नायूंचा तक्ता वेगळा असतो आणि त्यात ती घसरलेली होती. त्यांनी माझा हात धरून तिच्या पाठीच्या कण्यावर फिरवला, मग डोक्यावर, कानांच्या मधे, जिथे आधी भरलेलं होतं तिथे आता खळगा लागत होता. बरगड्यांवर अजून मऊ थर होता त्यामुळे वरून दिसत नव्हतं. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रोटीन कमी द्या असं मला निदान चार जणांनी सांगितलं होतं, दादा धरून. ते किडनी बिघडलेली असेल तेव्हाचं, आणि तेव्हाही मुख्य लक्ष फॉस्फरसवर असतं. किडनी ठीक असलेल्या वयस्कर कुत्र्याला स्नायू टिकवायला चांगलं प्रोटीन जरा जास्तच लागतं.

पाकिटावर "सिनियर" लिहिलेलं घ्यायचं का, हा पण प्रश्न होता. तर अमेरिकेतली आफ्को ही संस्था, जिचे निकष बऱ्याच पाकिटांवर छापलेले असतात, तिच्याकडे वाढीचं-प्रजननाचं आणि प्रौढांचं असे दोनच तक्ते आहेत, सिनियरचा वेगळा नाहीच. म्हणजे सिनियर शब्दाखाली प्रत्येक कंपनी आपापल्या मनाचं देते, एकात प्रोटीन जास्त, एकात कमी. मी तीन पाकिटं शेजारी ठेवून मागचा तक्ता वाचला आणि भुरीचं जुनंच ठेवलं, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, प्रोटीन चांगलं, पोटाला सवयीचं.

हिशोब असा. टार्गेट वजन २२ किलो धरलं. आरामात पडून राहायला लागणारी ऊर्जा म्हणजे ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात, २२ किलोला ७११ कॅलरी येतात. नसबंदी झालेल्या वयस्कर कुत्र्याला त्याच्या साधारण १.२ ते १.४ पट, आम्ही १.३ घेतलं, झाले ९२४, गोल करून ९३०. तिचे २४० ग्रॅम दाणे ८४० कॅलरी देतात. उरल्या ९०. आणि नियम काय आहे, की संतुलित फूडच्या बाहेरचं जे काही असेल, ट्रीट, टॉपिंग, तुमच्या ताटातला तुकडा, सगळं मिळून दिवसाच्या १० टक्क्यांत बसलं पाहिजे. म्हणजे ९३. बरोबर तेवढंच उरत होतं.

९० कॅलरी म्हणजे किती हो? मी किचनच्या काट्यावर मोजलं तेव्हा हसूच आलं. साल काढलेलं उकडलेलं चिकन ब्रेस्ट ५५ ग्रॅम, माझ्या तळहाताच्या अर्ध्याहून कमी, झाल्या ९०. एक उकडलेलं अंडं घातलं तर ७५ तिथेच गेल्या. भात ७० ग्रॅम, संपलं. उलट वाफवलेला लाल भोपळा १०० ग्रॅम घेतला तरी २५ च्या आतबाहेर, गाजर ४० च्या आसपास, फरसबी तशीच. म्हणजे बाउल भरल्यासारखा दिसायला भाज्या आणि वास उठायला चिमूटभर चिकन, असं जमतं.

आणि आता ते काहीतरी. आमचे बाबा रोज सकाळी भुरीला ब्रेडची एक स्लाइस देतात, बटर लावून. मी विचारलं तर म्हणाले, "अगं एक स्लाइस तर देतो, एवढ्याने काय होतंय." स्लाइसच्या ७५-८० आणि बटरचा छोटा चमचा ३५, म्हणजे ११० च्या वर. दिवसाचा सगळा कोटा सकाळी आठला संपलेला, आणि त्यात प्रोटीन म्हणावं तर काही नाही. मी वही दाखवली तर बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. खरं सांगायचं तर आकड्यांनी बाबांना पटवायला जाणं हाच मूर्खपणा होता, ती स्लाइस भुरीपेक्षा बाबांची जास्त होती. मग मी एक छोटा झाकणाचा डबा आणला, त्यात सकाळीच त्या दिवसाचं ९० कॅलरीचं मोजून ठेवायचं आणि डबा बाबांकडे. म्हटलं, "बाबा, हा आजचा तिचा खाऊ, कधी आणि कसा द्यायचा ते तुम्ही बघा, पण याच्या बाहेर नाही." आता ते दुपारी चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून एकेक देतात आणि रात्री मला डबा उलटा करून दाखवतात.

व्हरायटी अशी लावली. दाणे तेच, वजन तेच, बदलायचं फक्त वरचं. चिकन, अंडं, भोपळा-फरसबी, साधं दही एक चमचा, या चौघांची फेरी. कुठलाही नवा पदार्थ आधी एक चमचा, सलग तीन दिवस, पोट ठीक राहिलं तरच फेरीत. एका वेळी एकच नवा. मासा या पद्धतीने महिनाभराने परत आणला, काही झालं नाही, म्हणजे त्या शुक्रवारचा आरोपी मासा नव्हता. मला अजूनही स्किनचाच संशय आहे पण सिद्ध करायला मी काही परत देणार नाही.

पदार्थ न बदलता पण खूप काही बदलता येतं, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. एक दिवस दाणे कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून मऊ, एक दिवस नुसते ओलसर. फ्रिजमधलं टॉपिंग थेट द्यायचं नाही, अंगाच्या उबेइतकं कोमट करायचं, आपल्या बोटाला ना गार ना गरम, त्याने वास उठतो. मायक्रोवेव्हमधून काढलं तर ढवळून मधे बोट घालून बघायचं, मधेच एखादा तुकडा चटका देणारा निघतो. भिजवलेलं तासाभराच्या वर पडून असेल तर फेकून द्यायचं. दोनाच्या जागी तीन वेळा जेवण केलं. संध्याकाळचं जेवण फिरून आल्यावर. आणि आठवड्यातून तीनदा कोरडे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत पसरून टॉवेल गुंडाळून द्यायचा, ती नाकाने उलगडत बसते, वीस मिनिटं. पहिल्यांदा टॉवेल दिला तेव्हा शेपटी अशी हलत होती की दादा म्हणाला हिला कंटाळा आला होता हे मी म्हटलं होतं ना. बरं बाबा, तुझं पण थोडं बरोबर.

बाउलखाली रबरी मॅट आणि चार इंचाचा पाट ठेवला, तिचे पुढचे पाय लादीवर सरकत होते आणि मान पूर्ण खाली घालायला त्रास व्हायचा. यावर मी जास्त लिहीत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे आणि पहिल्याच दिवशी फरक दिसला.

वर बघून वाट बघायची सवय मोडायला मात्र तीन आठवडे गेले. टॉपिंग आता वर टाकत नाही, दाण्यांत कालवते. बाउल ठेवायचा, आपण खोलीबाहेर जायचं, २० मिनिटांनी उचलायचा, उरलेलं मोजून लिहायचं. हे तोंड आणि रिपोर्ट साफ आहेत हे कळल्यावरच केलं. दुखत असलेल्या कुत्र्यावर ही शिस्त लावणं म्हणजे छळ, आणि दीड महिना आम्ही जवळपास तेच करत होतो.

पूर्ण घरचंच का नाही देत, असं बरेच जण विचारतात. द्यायला हरकत नाही, पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. नुसतं चिकन-भात महिनोन्महिने दिलं तर कुत्र्याचं शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून खर्च करतं, आणि लिव्हर रोज दिलं तर व्हिटॅमिन ए साचतं. त्यासाठी आहारतज्ज्ञ व्हेटकडून ग्रॅममध्ये लिहिलेली रेसिपी आणि सप्लिमेंट लागतं. मला रोज तेवढं मोजणं झेपणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून १० टक्के.

आकडे: दाढ काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात २१.३, सहाव्यात २१.८, तीन महिन्यांनी २२.४. डॉक्टर म्हणाले इथेच थांबू, जुनं २३.४ आणायचं नाही, तिच्या सांध्यांना हेच बरं. मग टॉपिंग तसंच ठेवून दाणे १० ग्रॅमने कमी केले. डोक्यावरचा खळगा पूर्ण भरलेला नाही, बहुतेक भरणारही नाही, पण पाठीवर हात फिरवला की कणा आता टोचत नाही. चिकनपेक्षा अंड्याच्या दिवशी बाउल जास्त स्वच्छ असतो. भोपळा एकटा असेल तर ती भोवतीचे दाणे वेचून खाते आणि भोपळा तसाच ठेवते, चमचाभर चिकनच्या पाण्यात कालवला तर चालतो.

गेल्या आठवड्यात दोन दिवस परत दाणे उरले. मोबाइल जमिनीवर ठेवला, व्हिडिओ काढला, ओठ वर करून दोन्ही बाजूच्या दाढा बघितल्या, काही दिसलं नाही. मग २४ तास पाणी मोजून ठेवलं, कारण दर किलोला १०० मिलीच्या वर पाणी जायला लागलं तर किडनी, शुगर वगैरे बघावं लागतं. भुरीला ती मर्यादा २.२ लिटर, प्यायली ९०० मिली, भिजवलेल्या दाण्यांतलं पाणी धरलं तरी लांब. तिसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात टॉपिंगखाली ब्रेडचा कोपरा सापडला, बटर नव्हतं.